उपटलेल्या वेली

सासूने काकडीची वेल मुळासकट उपटली.

"अवो आत्या, काकड्या धरल्यात तिला!" मी ओरडले.

"गप गो. पानी थोडं हाय. सगल्यांना पाजलंस तर एकपन जगाची नाय."

नव्वद सालानंतरचा तो कोरडा उन्हाळा. पेणजवळच्या आमच्या भाजीच्या वाडीवरच घर चालायचं. विहीर आणखी खणली तर खाडीचं खारं पाणी आत शिरतं. शेजाऱ्यांनी खणली होती. सासूने रोज पाणी चाखलं आणि अर्ध्या वेली उपटल्या. मला ती निर्दयी वाटली. आता तिच्या वयाची झाले; मीही तेच केलं असतं. तरी सून काकडी चिरायला बसली की त्या वासाने मी बाहेर जाते.

पावसापर्यंत आमच्या उरलेल्या वेली जगल्या. शेजाऱ्यांची एकही जगली नाही.