चावी आणि पाना

सकाळचे दहा वाजले की लडकू भोईर अंगणात बारदान पसरायचा, त्यावर पाठ टेकायचा आणि सरपटत जुन्या जीपखाली शिरायचा. डावा हात पोटावर ठेवलेला, उजव्या हातात सतरा-अठराचा पाना. वर ड्रायव्हरच्या सीटवर त्याची बायको चंद्रा चावी धरून बसलेली असायची. इंजिनाच्या कुशीला ते सुरू करणारी सेल्फची मोटर असते, मुठीएवढ्या जाडीचं एक नळकांडं. लडकू त्याच्यावर पान्याने तीन ठोके द्यायचा आणि खालून म्हणायचा, "मार."

चंद्रा चावी फिरवायची. जीप एकदा खोकायची, मग धडधडायला लागायची, आणि काळ्या धुराचा लोट मागच्या गोदामाच्या पत्र्यावर जाऊन आपटायचा. लडकू बाहेर यायचा, अंग झटकायचा आणि चंद्राच्या शेजारी, डावीकडच्या सीटवर चढून बसायचा. ठोके दिल्याशिवाय जीप सुरू होत नव्हती, आणि चावी फिरवणारा माणूस जीपखाली शिरू शकत नव्हता. त्यामुळे जीप जिथे जाईल तिथे लडकूला जावंच लागत होतं.

त्याला तेच हवं होतं.

काल्हेरमध्ये भोईरांची भातशेती होती तिथे आता गोदामं होती. जमीन सगळ्यांनीच दिली होती, लडकूनेही दिली होती, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. घर तेवढं ठेवलं. पण घराच्या तीन बाजूंना पत्र्याच्या उंच भिंती उभ्या राहिल्या आणि चौथ्या बाजूला गल्ली उरली, तिच्यात कंटेनर लागायचे. ऊन अंगणात अकराला यायचं आणि एकला निघून जायचं. लडकूला त्याचं काही वाटलं नव्हतं, कारण तो घरी कधी असायचाच नाही. तीस वर्षं त्याने टेम्पो चालवला. भिवंडीच्या लूमवरचे कापडाचे तागे भरायचे, मुंबईला उतरवायचे, रिकामा टेम्पो घेऊन खाडीवरच्या वाऱ्यात परत यायचं. घर म्हणजे आंघोळ, जेवण आणि झोप.

तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हात पुरता सावरला नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायची नाही. तेव्हा चंद्राने दोन कामं एकदम केली. गोदामातल्या कामगारांना दुपारचं जेवण पोचवायचा धंदा सुरू केला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी जीप शिकली. शिकवायला लडकू शेजारी बसायचा. "क्लच सोड. हळू सोड गो, पाय हाय का मुसळ?" चार महिन्यांत ती त्याच्यापेक्षा बरी चालवायला लागली. एके दिवशी टोप भरता भरता ती म्हणाली, "तुमी कशाला दगदग करता? आराम करा."

त्याने आठ दिवस आराम केला. पहिल्या दिवशी त्याने टीव्ही पाहिला. दुसऱ्या दिवशी पत्र्यावरचे खिळे मोजले. पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपण जेवणाच्या खोलीतून अंगणात आणि अंगणातून जेवणाच्या खोलीत चालतोय, आणि किती वेळ चालतोय ते आठवत नाही. गल्लीत कंटेनर मागे घेताना वाजणारी टींटीं ऐकली की त्याच्या उजव्या पायाचं बोट आपोआप ब्रेक दाबायचं.

नवव्या दिवशी सेल्फ लागेना. तो आपणहून बिघडला होता, लडकूने काही केलं नव्हतं. आतल्या मोटरला करंट पोचवणारे कार्बनचे चार तुकडे झिजले की असं होतं. ठोका दिला की ते जाग्यावर सरकतात आणि काम निभावतं. लडकूने खाली शिरून ठोके दिले, जीप सुरू झाली, आणि तो डावीकडे चढून बसला. चंद्राने गिअर टाकला. पूल आला तसा खाडीचा वारा त्याच्या तोंडावर आला. त्याने डोळे मिटून घेतले.

सगळं वर्षभर सुरळीत चाललं. मग गणपतीच्या आधी चंद्राने नारपोलीच्या अश्फाकभाईला बोलावून कार्बन बदलून घेतले. अश्फाकभाई लडकूच्या टेम्पोच्या जमान्यातला इलेक्ट्रिशियन. अर्ध्या तासात काम झालं. जीप एका चावीत सुरू व्हायला लागली आणि लडकू पुन्हा अंगणात आला.

बारा दिवस त्याने काढले. तेराव्या दिवसापासून गोदामांना दोन दिवस सुट्टी होती, चंद्रा माहेरी गेली होती. लडकूने बारदान पसरलं.

एका हाताने सेल्फ खाली उतरवायचा म्हणजे छातीवर घेऊन उतरवावा लागतो. झाकण उघडलं. चार नवे कार्बन काढले आणि जुने, जे त्याने मिसरीच्या डबीत ठेवून दिले होते, ते बसवले. स्प्रिंग बोटातून निसटायची आणि अंगणात कुठेतरी उडायची. ती शोधायची, पुन्हा बसवायची. दोन दुपारी गेल्या. चंद्रा परत आली, चावी फिरवली, टक असा एक आवाज आला आणि बाकी काही नाही. "अश्फाकचा माल न्हाय टिकला वाटतं," लडकू म्हणाला आणि पाना शोधायला उठला. पाना त्याच्या खिशातच होता.

पुन्हा कार्बन घालण्यापेक्षा नवा सेल्फच टाकू, असं चंद्रा अधूनमधून म्हणायची. लडकू म्हणायचा, जुनं मॉडेल, त्याचा सेल्फ मिळत न्हाय आता. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचं ती खरं मानायची.

असं आणखी एक वर्ष गेलं. आणि मग एका बुधवारी, दुपारी बारा वाजता, कशेळीच्या एका मोठ्या गोदामाच्या फाटकात जीप बंद पडली. सुरक्षारक्षकाने नोंद करायला थांबवलं, चंद्राचा पाय क्लचवरून सुटला, इंजिन गपकन थांबलं. अर्धी जीप फाटकाच्या आत, अर्धी बाहेर. मागे कंटेनर.

लडकू खाली शिरला. तीन ठोके. "मार." टक. आणखी तीन. टक. त्याने मोजणं सोडलं आणि पाना आपटत राहिला. आडवं पडून त्याला फक्त चाकं दिसत होती. एकामागे एक येऊन थांबणारी मोठी चाकं, मग त्यांच्यामधून येणारे पाय.

"चाचा, नीचे कमरा ले लिया क्या?" एका ड्रायव्हरने वाकून विचारलं. "किराया कितना है?"

"काका, सुटतेय का?" हे गोदामाचा सुपरवायझर हितेश. "मागे अकरा गाड्या लागल्यात. साहेब मला खातील."

"तुला खाऊन साहेबाचं पोट भरायचं न्हाय," वरून चंद्रा म्हणाली. "आत शंभर माणसं जेवायची थांबलीत. त्यातली दहा आण आणि ढकल."

दहा जण आले आणि त्यांनी जीप ढकलत भिंतीच्या कडेला लावली. लडकू अजून खाली असताना कुणीतरी ढकलायला सुरुवात केली होती, त्याला शर्टाला धरून बाहेर ओढावं लागलं. तो उभा राहिला तेव्हा त्याच्या दातांत माती होती. चंद्राने अश्फाकभाईला फोन लावलेला होता.

"कशाला त्याला?" लडकू म्हणाला. "बॅटरी असेल. पाणी उतरलं असेल."

"असेल तर बघेल तो."

अश्फाकभाई स्कूटरवरून आला, पुढे पाय ठेवायच्या जागी पिशवी. त्याने आधी लडकूचा हात हातात घेतला, तब्येत विचारली. मग जीपचे दिवे लावायला सांगितले आणि म्हणाला, "भाभी, अब चाबी घुमाओ." टक. दिवे होते तसेच लख्ख राहिले.

"बैटरी में पूरा दम है."

"वायर सैल असेल," लडकू म्हणाला.

अश्फाकभाईने तारा हलवून पाहिल्या. मग लांब स्क्रूड्रायव्हर सेल्फवरच्या दोन बोल्टांना टेकवून थेट करंट दिला. ठिणगी उडाली, मोटर हलली नाही. "मोटर ही बैठ गई. लडकूभाई, तुमको तो समझ में आया होगा." लडकूने मान दुसरीकडे वळवली. कंटेनर आता एकेक करून आत सरकत होते.

बॅटरीची तार सोडवून, बोल्ट काढून अश्फाकभाईने सेल्फ बाहेर आणला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. झाकण उघडलं. कार्बन नखाएवढे उरले होते, आणि ते ज्यावर घासतात तो आर्मेचरवरचा तांब्याचा गोल भाजून काळा पडला होता, त्याच्यावर खाचा पडल्या होत्या. अश्फाकभाईने एक कार्बन काढून उन्हात धरला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला. मग रुमालाने बोटं पुसत बसला.

"काय झालं?" चंद्राने विचारलं.

"कार्बन खतम. और उसने आर्मेचर भी खा लिया."

"गेल्या गणपतीत तुमीच टाकले ना नवे?"

"हां."

"म्हणजे पंधरा दिवस पण न्हाय टिकले."

अश्फाकभाईने लडकूकडे पाहिलं, एकदाच, आणि मग वर्तमानपत्राकडे. "माल हल्का आता है आजकल," तो म्हणाला.

हितेश शेजारी उभा होता. "मी तुम्हाला मागेच म्हटलं होतं मावशी, हे जुने लोक असंच करतात. पैसे नव्याचे घ्यायचे, टाकायचं भलतंच. आमच्या चार गाड्या याच्याकडे जातात. उद्यापासून बंद."

अश्फाकभाईने डबीतून ग्रीस काढलं, पुन्हा ठेवलं. लडकूला त्याची मान दिसत होती, पांढरी झालेली दाढी, कानामागे अडकवलेला चष्मा. एकदा पावसाळ्यात अंजूरफाट्याला टेम्पो बंद पडला होता आणि आत तीन लाखांचं कापड होतं. हा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून दुसऱ्याच्या गाडीचा डायनामो काढून आणून बसवून गेला होता. तेव्हासारखंच आजही त्याने तोंड मिटून घेतलं होतं. तो बोलणार नव्हता. लडकू गप्प राहिला असता तर हे प्रकरण इथेच मिटलं असतं, आर्मेचर बदललं गेलं असतं, आणि पुढे कधीतरी, एखाद्या सुट्टीच्या दिवशी, आणखी काही सुचलं असतं.

"ते त्याचे न्हायत," लडकू म्हणाला.

"काय?" चंद्रा.

"कार्बन. त्याने नवेच टाकले होते. मी काढले. जुने मी बसवले."

हितेश हसायला लागला आणि मध्येच थांबला. चंद्रा लडकूकडे बघत राहिली. तिने पदराने तोंडावरचा घाम पुसला, एकदा, मग पुन्हा. मग अश्फाकभाईला म्हणाली, "नवीनच बसवा. अख्खा. मिळतो ना या गाडीचा?"

"मिलता है भाभी. दुकान में पड़ा है एक."

"बरं," ती म्हणाली. आणि हितेशकडे वळून, "ऐकलंस ना? तुझ्या चारी गाड्या उद्या याच्याचकडे जाऊ देत. आता टोप उचल."

नवा सेल्फ बसवायला तासभर लागला. अश्फाकभाईने आधी आतल्या रिंगचे दाते बोटाने चाचपून पाहिले, मग मोटर वर चढवली, बोल्ट आवळले, शेवटी बॅटरीची तार जोडली. चंद्रा जेवण वाढून येऊन सीटवर बसली आणि तिने चावी फिरवली. खाली कुणी नव्हतं. जीप लगेच सुरू झाली. तिने बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद केली. चार वेळा तिने तसं केलं.

परतीच्या वाटेवर पूल आला तेव्हा चंद्राने विचारलं,

"कधी केलंत?"

"तू माहेरी गेली होतीस तेव्हा."

"एका हाताने?"

"दोन दुपारी लागल्या."

"डॉक्टरने ते बोटं हलवायचं सांगितलंय, ते दहा मिनिटं होत न्हाय तुमच्याच्याने."

चंद्राने एका रिक्षाला वाट दिली.

"वर्षभर मी गाडी बंद करायला घाबरते," ती म्हणाली. "मैनाच्या दारावरून रोज जाते. सख्खी बहीण. कधी उतरले न्हाय. उतरले की तुमी हॉर्न वाजवणार, आणि गाडी बंद केली की तुमी त्या चिखलात आडवे. तुमाला यायचं होतं तर मला सांगायचं. चला म्हटलं असतं."

"म्हटलं असतंस?"

चंद्राने गिअर बदलला. पुढे रस्ता मोकळा होता तरी तिने तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला, आणि बराच वेळ दुसऱ्यावरच ठेवला. लडकूने ओळखलं, म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, बाहेरचा शर्ट घालून अंगणात आला तेव्हा जीप भरून तयार होती. मागे डाळीचे टोप, भाकऱ्यांची टोपली, सुकटीचा डबा. पूर्णा गावच्या गोदामातून चाळीस जेवणं कधीची मागत होते, जागा नाही म्हणून चंद्रा नाही म्हणत होती. आज ती चाळीस जेवणं निघाली होती. भाताचा मोठा टोप डावीकडच्या सीटवर होता, कडेने जुनं लुगडं गुंडाळून पक्का बसवलेला.

"मागे कलंडतो तो," चंद्रा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "सगळा भात सांडतो वळणावर."

लडकूने टोपाला हात लावून पाहिला. हलत नव्हता. गरम होता. त्याने त्या बाजूचा दरवाजा लावला, नीट लागत नाही म्हणून जरा उचलून पुन्हा लावला, आणि बाजूला झाला. गल्लीत एक कंटेनर मागे येत होता, टींटीं वाजवत. चंद्राने त्याला जाऊ दिलं. मग चावी फिरवली, जीप सुरू झाली, आणि निघायच्या आधी तिने त्याच्याकडे पाहिलं, काही राहिलं का बघतात तसं.

"नळाला पाणी चारला येतं ना?" लडकू म्हणाला. "मी भरून ठेवतो. टाकीचं झाकण कुठं ठेवलंस गो?"