ताईच्या कमरेचं माप

ताई शिवणकाम करायची आणि मी तिच्या हाताखाली. जिन्याखालची खोली, दोन मशीन, एक आरसा. तिचा एकच नियम होता: गिऱ्हाइकाचं माप मोठ्याने बोलायचं नाही. आकडा वहीत लिहायचा आणि गप्प बसायचं. बायका इथे कपडे शिवायला येतात, लाजायला नाही, असं ती म्हणे. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. दुकानात मात्र मी मुकी.

दोन वर्षांपूर्वी तिच्याच स्कर्टसाठी मी टेप लावली, तर कंबर तीन इंचांनी वाढलेली. मी आकडा लिहिला आणि गप्प बसले. पुढच्या वर्षी पोट चांगलंच पुढे आलं. चेहरा पांढराफटक, आणि महिन्यातले आठ-दहा दिवस ती काळ्याशिवाय दुसरा रंग घालायची नाही. मला दिसत नव्हतं असं नाही. पण मी शहाणी तिची कमरपट्टी उसवून सैल करत राहिले. एका आगाऊ बाईने विचारलंच, गोड बातमी आहे का म्हणून. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मुलासाठी ताईने काय काय केलं नव्हतं! ती नुसती हसली. त्या दिवशी दोनदा तिच्या बोटात सुई घुसली.

शेवटी मशीनवरच चक्कर येऊन पडली, तेव्हा भावोजींनी तिला दवाखान्यात नेलं. गर्भाशय गाठींनी भरलेलं. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. गाठी लहान, मोजक्या असल्या तर पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने काढता येतात, पिशवी राहते. शिरेतून बारीक नळी घालून गाठींचा रक्तपुरवठा तोडायचाही उपाय असतो. ताईची पिशवी मात्र आता वाचण्यासारखी नव्हती. दोन वर्षं आधी आला असतात तर, एवढं बोलून त्या थांबल्या.

ऑपरेशनच्या सकाळी ताईने मला विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"

"पहिल्याच मापाला."

मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"अगं, बोलायचंस ना," ती म्हणाली. "मी रागावले असते. फार तर दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते."

तिला आत नेलं. मी बाकावर बसून ढसाढसा रडले. भावोजींनी जवळ येऊन विचारलं, जाताना काय म्हणाली ती?

मी म्हटलं, काही नाही.