आपलीच मुलगी

तंजावुरात आपण मराठीत बोललो की आजूबाजूच्या कुणाला काही कळत नाही, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईची साडीसुद्धा आम्ही मोठ्याने नावाजतो किंवा तिला नावं ठेवतो. या माजानेच माझा घात केला.

माझी बारावी झाली होती. दादा इंजिनिअर होऊन मोबाइलच्या दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवत होता, तरी अप्पांना मला कॉलेजात घालायचंच होतं. मला तिरुवैयारूच्या शिवणघरात जायचं होतं. तिथे नाचाचे पोशाख शिवतात. दोन उन्हाळे मी तिथे पंख्यासारख्या उघडणाऱ्या निऱ्या घालायला शिकले होते, आणि मालकीणबाईंनी खिडकीजवळचं मशीन मला देऊ केलं होतं. अप्पा "बघू" म्हणाले होते, म्हणजे नाही.

प्रवेशाच्या टेबलाशी माझा धीर सुटला. समोरच्या बाई फॉर्म तपासत होत्या. मी मराठीत म्हटलं, "अप्पा, मला हें कालेज नक्को. मला निऱ्याच घालायच्या आहेत. सर्टिफिकेट घरीं राहिलं म्हणून सांगा, उठून जाऊं."

अप्पा खरंच डळमळले. पिशवीकडे निघालेला त्यांचा हात थांबलेला मी पाहिला.

बाईंनी मान वर केली. "पिशवींत दिसतंय की सर्टिफिकेट! तुम्ही कोठले? पापनाशमचे काय?"

झालं. पाच मिनिटांत त्या अप्पांच्या आत्याच्या नणंदेच्या सून निघाल्या. आमच्यात एकदा नातं सापडलं की "नको" म्हणायची सोय उरत नाही. "आपलीच मुलगी," म्हणत त्यांनी माझा फॉर्म स्वतः भरला. अप्पा कौतुकाने हसत होते. मला दोघांचाही भयंकर राग आला, आणि मी सही केली.

आता दुसरं वर्ष चालू आहे. एक तास बुडवला तरी संध्याकाळी घरी कळलेलं असतं. परवा बाईंनी मला ऑफिसात बोलावून लेकीचा नाचाच्या पोशाखातला फोटो दाखवला. निऱ्या एका बाजूला ओढल्या गेल्या होत्या. टाका कुठे चुकलाय ते मला बघताक्षणी दिसलं.

"आपल्यांत कोणाला हें काम येत असतं तर किती बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

प्रवेशाच्या टेबलाशी मी निऱ्यांचं काय म्हटलं होतं, ते त्यांना आठवतही नव्हतं. मी "हो" म्हटलं आणि वर्गात जाऊन बसले.