आमच्या दारात अंथरलेलं घोंगडं

मायाप्पा माझा थोरला भाऊ. त्याच्यावर अन्याय झाला तो तीन वर्षांमागं, दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी, ऊन डोक्यावर असताना, आमच्याच दारात. करणारे परके नव्हते. सरकारला जे करायचं ते त्यानं छावणीत केलंच होतं. उरलेलं आपण केलं, मंगळवेढ्यापलीकडच्या आपल्या गावानं. हे लिहितोय तेही त्याच गावाला, आणि गाव सोडून सोलापुरात गिरणीच्या चाळींतून राहणाऱ्या आपल्या माणसांना. मला गोड लिहिता येत नाही. गिरणीच्या दारात वाटायची पत्रकं लिहून लिहून हात तसाच वळलाय.

तुम्ही एकमेकांना सोनं देत होता त्या दिवशी आम्ही भीमेच्या उतारावर नावेची वाट बघत उभे होतो. मामाची बैलगाडी, तिच्यात जातं, दोन हंडे आणि आईचं बोचकं. मेंढरं चुलत्याच्या हवाली केलेली. वेशीपर्यंत कुणी आलं नाही. आलं ते फक्त आमच्या कळपाचं कुत्रं. त्याला मेंढरांकडं परतवायला हवं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, वाकून ढेकूळ उचललं आणि त्याला मारलं. ते थोडं मागं सरलं आणि बसलं. आबांनी दुसरं मारलं. मायाप्पा गाडीत पालथा पडून होता. आई म्हणाली, "पुरं करा की आता. त्याला काय कळतंय." मग नाव आली.

गाव का सोडलं हे तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते वेगळं सांगता, म्हणून मी सांगतो.

त्या सालच्या उन्हाळ्यात भरतीवाला हवालदार बाजारात आला. बैल घेताना बघतात तसं पोरांना बघितलं, छाती मोजली, दात बघितले. मायाप्पा उंचापुरा, लगेच पसंत पडला. गावानं हलगी लावली, भंडारा उधळला, त्याला खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत नेलं. गावचा पोरगा पलटणीत चालला म्हणून ज्यांची छाती फुगली होती, त्यांच्यातल्या एकालाही छावणी कशी असते ते ठाऊक नव्हतं. आबा तेवढे बोलले, "जमतंय तवर ऱ्हा. न्हाय जमलं तर घरला ये." लोक हसले. एकजण म्हणाला, "आबा, पोराला पलटणीत धाडताय का सासरी?" आबाही हसले.

छावणीत सगळं शिट्टीवर. उठायचं शिट्टीवर, जेवायचं शिट्टीवर, परसाकडं पळायचं तेही शिट्टीवर. कवायतीत पाय चुकला की शिकवणारा उस्ताद पोटरीवर छडी ओढायचा आणि आईवरनं शिव्या द्यायचा. बाकीच्या पोरांनी ते सोसलं. मायाप्पाला सोसलं नाही. आधी झोप गेली, मग अन्न जाईना, शेवटी शिट्टी वाजली की हातातली बंदूक खाली पडायला लागली. डॉक्टरानं तपासलं आणि साहेबानं नाव कमी करून त्याला गाडीत बसवून दिलं. तो पळून आला नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण "पळपुटा" हा शब्द मी चाळीच्या नळावर स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

पण तो घरीही आला नाही. उतरायचं स्टेशन आलं आणि मागं गेलं, हा बसूनच राहिला. कुर्डुवाडीला गाडी रिकामी झाली तेव्हा उतरला आणि तिथंच हमाली करू लागला. हलगीनं घालवलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं परत यावं, सांगा. तिथल्या रेल्वे कारखान्यात आपल्या गावचा एक जावई आहे, त्यानं ओळखलं आणि आबांना कळवलं. आबा त्याच दिवशी निघाले. पुढचं मला मायाप्पानंच सांगितलं. त्याच्या डोक्यावर कुणाची तरी ट्रंक होती. आबांनी ती काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली, डब्यात नेऊन ठेवली, आणि परत येऊन म्हणाले, "चल. मेंढरं वरच्या माळाला न्यायची हाईत. मला एकट्याला हुईना." बाकी एक अक्षर विचारलं नाही. मी आजवर पुष्कळ पुढाऱ्यांची भाषणं ऐकली. असं एकही ऐकलं नाही.

घरी पोचले तेव्हा मायाप्पाला ताप भरला होता. दसरा तोंडावर, आईनं नुकतंच घर सारवलेलं, आत पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती. आबांनी दारातल्या लिंबाखाली काळं घोंगडं अंथरलं आणि त्याला निजवलं. चूक झाली ती एवढीच. मेंढरामागं जन्म काढलेल्या माणसाकडनं व्हायला नको होती, पण बापाकडनं झाली. आपल्यात भर दिवसा दारात घोंगडं अंथरलं की पंच बोलावले असा अर्थ होतो, आणि एकदा पंच बसले की निकाल झाल्याशिवाय ते घोंगडं कुणी उचलायचं नसतं. पहिला म्हातारा आला, जोडे काढून कडेला बसला. दुसरा आला. आबा मेंढरांना पाणी दाखवून परत येईतो दारात माणूस मावत नव्हतं, आणि मधोमध माझा भाऊ मुटकुळं करून झोपलेला.

थोरले पंच सिदाप्पा म्हणाले, "आबा, कशापायी बलावलं?"

"बलावलं न्हाय. पोरगं निजलंय."

"घोंगडं तर अंथरलंय की."

तेवढ्यात मायाप्पा जागा झाला. माणसं बघून गडबडला. सिदाप्पांनी हसून विचारलं, "किती दिसाची सुट्टी हाय, शिपाईगडी?"

"सुट्टी न्हाय. नाव कमी केलं."

"काय खोडी केलीस?"

मायाप्पाला खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. त्यानं खरं सांगितलं. "शिट्टी वाजली की माझं हात कापत्यात."

आणि मग मागनं कुणीतरी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली.

मायाप्पा ताडकन उठून उभा राहिला. टाचा जुळवलेल्या, हात धोतराला चिकटलेले, नजर समोरच्या भिंतीवर, आणि सगळं अंग वाऱ्यावरल्या कडब्यासारखं हलत होतं. तुम्ही हसला. म्हातारे हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी चौकटीत उभा होतो, मी एकेक तोंड बघितलं.

आबा पुढं झाले, घोंगड्याचा काठ धरला आणि ओढलं. पंच बसलेले असताना. "उठा," म्हणाले, "माझं लेकरू निजायचं हाय." हे आपल्यात कधी झालं नव्हतं. मग पंचांनी उभ्यानंच निकाल दिला: पोरानं पलटणीत गावाची मान खाली घातली आणि बापानं घोंगड्याचा मान मोडला, तेव्हा मायाप्पा नाक घासून माफी मागेपर्यंत त्याच्या हातचं पाणी कुणी घ्यायचं नाही आणि या घराशी व्यवहार ठेवायचा नाही. मेंढरांपायी चुलत्याच्या घराला तेवढी सूट दिली.

सोलापुरात आलो. मला वाटलं होतं शहरात कोण कुणाला विचारतंय. पण चाळीत निम्मी माणसं आपल्याच भागातली, निकाल आमच्या आधी येऊन बसलेला. मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागलो आणि मायाप्पाला बदली कामगार म्हणून लावला. आणि सोलापूर तर भोंग्यावर उठणारं गाव. पहिल्याच पाळीला भोंगा झाला आणि मायाप्पा रस्त्यातच उभा राहिला, टाचा जुळवून. मुकादमानं आठवडाभर वाट बघितली, मग दुसरा माणूस घेतला.

आमच्या गल्लीत नरसव्वा नावाची तेलुगू विणकरीण आहे. घरात हातमाग, नवरा दम्यानं बेजार. ती एक दिवस मायाप्पाला म्हणाली, "दारात काय बसतो रे तम्मुडू, कांडी भर." तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. तेव्हापासून तो तिच्याकडं सुताच्या कांड्या भरतो, आता मागावरही बसतो. कुठून आलास, काय सोडून आलास, हे त्या बाईनं अजून विचारलेलं नाही. तिच्या घरचं पाणी तो पितो आणि त्याच्या हातचं ती. जात, भाषा, देव, काहीच एक नाही. माणुसकीला ते लागत नसावं.

बरं चाललंय असं मात्र समजू नका. हसायचं मायाप्पानं तिथंच लिंबाखाली टाकलं. आई जात्यावर बसते, पण गात नाही. भिंतीपलीकडं गाववालेच राहतात, कुणी ऐकावं असं तिला वाटत नाही. आणि आबा, जोवर पाय चालत होते तोवर, बाजारच्या दिवशी मेंढरांच्या बाजारात जायचे. घ्यायचं नाही, विकायचं नाही. लोकरीत बोटं घालून बघायचे, कातरणीला आली का नाही ते परक्या माणसाला सांगायचे, आणि घरी यायचे.

आता पाय चालत नाहीत. गेल्या पंधरवड्यापासून ते अंथरुणावर आहेत. पोटात पाणी झालंय, डॉक्टरानं मान हलवली. त्यांना गावची माती हवी आहे. चुलता पंचांकडं जाऊन आला आणि निरोप घेऊन आला: मायाप्पानं वेशीत येऊन नाक घासावं, मग म्हाताऱ्याला गाडीतनं आणा.

मायाप्पा म्हणाला, "घासतो की. नाक हाय, जरा झिजंल."

आबांना उठून बसता येत नाही. पडल्या पडल्याच बोलले. "तू आजारी पडला हुतास. चोरी न्हाय केलीस. तुला वाकवून मला माती नगं. हितंच कुटं बी टाका मला."

मी गाव म्हणजे घर असं बरीच वर्षं समजत होतो. तसं लिहिलंही आहे, पत्रकांत, मोठ्या टाइपात. आता मला घर म्हणजे दहा हातांची एक खोली एवढंच कळतं, जिथं एक म्हातारा मरत पडलाय आणि पोराची मान खाली जाऊ देत नाही. गाव त्या खोलीइतकं मोठं होणार असेल तर परत येतो. नाहीतर तुमचं गाव तुम्हाला लखलाभ.

शिट्टी कुणी मारली ते मला माहीत आहे. नाव लिहीत नाही. त्यानं सगळ्यांच्या आधी यावं.

तुम्ही, जे हे वाचताय किंवा कुणाकडून वाचून घेताय, तुम्हाला माझं सांगणं एवढंच. पंचांची वाट बघू नका. एकमेकांच्या तोंडाकडं बघू नका. रविवारी गिरणी बंद असते, गावाकडनं येणाऱ्याला दिवसभराची वाट आहे. नरसव्वाच्या मागाशेजारची खोली विचारा, आत या, आणि आबांच्या डोळ्यांदेखत मायाप्पाच्या हातचं पाणी प्या. ह्या रविवारीच या. पुढच्या रविवारी आलात तर ते बघायला आबा असतील असं मला वाटत नाही.