पाचपैकी पाच

आमच्या आळीत कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी छाती पुढे काढून सांगते, कारण माझ्या परीक्षा सगळ्या आळीनंच दिल्यासारख्या होत्या. माझा पेपर असला की काकी जाऊन हळदीचा डीजेसुद्धा बंद करायला लावायची.

आता मी यंत्रांच्या परीक्षा घेते. कृत्रिम बुद्धिमत्तेचं एखादं साधन लोकांच्या हाती दिलं तर त्यांचं भलं होईल की नुकसान, हे तपासायचं माझं काम. यंदा पावसाळ्यात असंच एक साधन आलं. मच्छीमारानं फोनवर विचारायचं, वारा कसा आहे, होडी न्यावी का. ते मराठीत बोलून सांगणार. आमच्या ऑफिसचा शेरा चांगला आला तर मासेमारीची बंदी उठताच ते किनाऱ्यावर सुरू होणार होतं. तपासायला मी रेवदंडा निवडलं, म्हणजे माझंच गाव.

बंदीमुळे सगळे घरीच होते. त्यांनी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि पाचपैकी गुण दिले. सगळ्यांनी पाच. बाबांनीही पाच, आणि बाबा वाऱ्याबाबत रेडिओचंही ऐकत नाहीत. मी खूश. अहवाल लिहायला घेतला.

निघताना काकीनं सुकट बांधून दिली आणि विचारलं, "झालीस ना गो पास?"

"कशात?"

"ह्या फोनच्या परीक्षेत. तुज्या हापिसानं मार्क मागितलं, आमी दिलं. आमच्या पोरीला कमी पडू देतो व्हय?"

मी पिशवी खाली ठेवली. "काकी, परीक्षा त्या फोनची हाय. माझी न्हाय."

"मंग आदी सांगाचं ना, शिकलेल्या बाई. तो मेला अलिबागच्या बाजारातला पाऊस सांगतो. खाडीच्या तोंडाशी काय चाललंय, त्याला काय ठावं?"

बाबा ओट्यावर जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याचं ऐकून निगालो तर परत यायची खातरी न्हाय. पन तुजं काम होतं, म्हनून दिलं पाच."

तो अहवाल तसाच गेला असता, तर याच माणसांच्या हातात तो फोन आला असता.

मी राहिले. घरोघरी सांगितलं, मार्क मला नाही, फोनला द्या. मग लोक सुटलेच. एकानं तर विचारलं, शून्याच्या खाली देता येतं का.

मग ऑफिसातल्या माझ्या मॅडमना फोन केला. पहिले गुण बघून त्या भलत्याच आनंदात होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बरं झालं, आत्ताच कळलं. थांबवू या." मी ओट्यावर बसले आणि काकीच्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच पोटभर जेवले.

बंदी उठली तेव्हा होड्या वारा बघूनच बाहेर पडल्या, नेहमीसारख्या. फोन नापास झाला म्हणून काकीनं आळीत पेढे वाटले. कारण विचारणाऱ्याला ती सांगायची, "पोरीनं नापास केला त्याला."

पेढा तोंडात टाकत बाबांनी विचारलं, "परत कदी बसनार तो परीक्षेला?"

"दुरुस्त झाला की."

"मंग आन त्याला. त्या खेपेला पयल्यापासूनच खरं मार्क देतो."