लघुग्रह पडणार नाही, असं मी सांगितलं

चहा येईपर्यंत माझ्या शहाणपणाची फजिती ऐका. लोकांना घाबरवून पळवणारे तुम्ही पुष्कळ बघितले असतील. मी लोकांना धीर देऊन पळवलं!

भूकंपाला काही वर्षं झाली होती. मी नांदेडहून एम.एस्सी. करून लातूरला आलो, बिराजदार सरांच्या क्लासवर फिजिक्स शिकवायला. सरांनी सांगितलं होतं, यंदाचा निकाल बघू, मग तुम्हाला कायम करू. पण मला निकालाचं काय? मला मराठवाड्यात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवायचा होता. तोही परीक्षेच्या आधी.

तेवढ्यात पेपरात आलं, एक लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार. धडकला तर जीवसृष्टी खलास. पोरं अभ्यास सोडून आकाशाकडे बघायला लागली. म्हटलं, हीच वेळ. रविवारी पालकांना बोलावलं. औसा, निलंग्याकडून माणसं एसटीनं आली. मी फळाभर आकडेमोड केली आणि ठासून सांगितलं, "धडकेची शक्यता नगण्य आहे. खुशाल घरी जाऊन झोपा."

मी खडू खाली ठेवला. मला वाटलं, दृष्टिकोन रुजला!

मागून एक फेटेवाले काका उठले. "घरातच झोपावं म्हणता?"

"हाव. खुशाल."

"भूकंपाआधी बी एक साहेब आलते. तुमच्यावाणीच शिकलेले. म्हणले, इथला दगड लई पक्का हाय, काही होत न्हाई."

मी म्हणालो, काका, तो जमिनीतला दगड, हा आकाशातला.

"दगडच की," काका म्हणाले आणि पोराकडं वळले. "चल, ट्रंक उचल. साहेब 'काही होत न्हाई' म्हणायलेत."

झालं! तासाभरात क्लासचं होस्टेल रिकामं व्हायला लागलं. मेसवाल्या मावशींनी गॅस उचलून अंगणात मांडला. बातमी शेजारच्या क्लासवर गेली, की इथल्या नव्या सरांनी धोका नाही म्हणून सांगितलंय. तिथलीही पोरं निघाली.

बिराजदार सरांनी मला केबिनमध्ये घेतलं. परीक्षा तोंडावर असताना पोरं गावाकडं बसली तर निकालाचं काय, आणि त्या निकालावर तुमचं काय, एवढंच विचारलं. मग शांतपणे म्हणाले, "स्टँडवर जा. पडणार म्हणून सांगा."

"सर, हे विज्ञानात बसत नाही."

"लातुरात बसतं."

गेलो. काय करणार? निलंग्याच्या गाडीपाशी सगळे जमले होते, ट्रंका टपावर चढत होत्या. मी एका बाकावर चढलो. म्हणालो, मंडळी, माझा हिशेब चुकला. लघुग्रह पडणार. नक्की पडणार. कुणीही वाचत नाही.

काय सांगू, एकेकाचा चेहरा असा खुलला! कुणी तंबाखू काढली, कुणी पोरांना क्लासकडं पिटाळलं. टपावरच्या ट्रंका खाली आल्या. काकांनी माझा हात हातात घेतला.

"मंग काही फिकीर न्हाई. आता एकच सांगा, सर. आमच्या पोराचा मेडिकलला नंबर लागंल का?"

इतकी माणसं एका वाक्यात परत आणल्यावर कुणाला चढणार नाही? मी छाती ठोकून म्हणालो, "नक्की लागणार, काका! शंकाच नको."

काकांनी माझा हात सोडला. पोराला परत हाक मारली.

ट्रंक जड होती. टपावर चढवायला मीच हात लावला.