भावाच्या हळदीला मी भाकऱ्या बंद पाडल्या

आमच्या पडघ्याकडच्या गावात हळद ठरली की दोघांना आधी सांगावा जायचा. एक डीजेवाला आणि दुसरी मी. डीजेवाल्याला निदान मांडवात तरी उभं करायचे. मला थेट घराच्या मागे, चुलीपाशी.

तेव्हा मी वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायची. संध्याकाळी ड्युटी संपवून रिक्षातून उतरते न उतरते, तोच दारात शेजारची काकी हजर. "बाय, उद्या भाकऱ्यांना ये हां. तुज्यासारखी भाकरी कोनाला जमत न्हाय." आणि मी येडी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढायची! नाही म्हणायला तोंड उघडायचं आणि त्यातून "येते की काकी" बाहेर पडायचं. कधी मी गप्प राहिले तर आतून आईच ओरडायची, "येल ती, येल!" माझ्या वतीने हो म्हणायचा मक्ता आईकडेच होता.

तांदळाच्या भाकरीची उकड गरम असतानाच मळावी लागते, नाहीतर भाकरी चिरते. तळहात भाजले तरी चालतील, भाकरी चिरता कामा नये. पुढे मांडवात अख्खं गाव नाचायचं आणि मागे आम्ही चारपाच बायका धुरात थापत बसायचो. गाणी मला सगळी पाठ, पण त्यांवर कोण कसं नाचतं ते कधी दिसलं नाही. शेवटी जेवायला बसावं तर मटणाच्या टोपात रस्सा आणि हाडकं. जळलं मेलं ते कौतुक!

मग माझ्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं. मी एकुलती एक बहीण, म्हणजे करवली मीच. त्याच्या शेजारी हळदीचं ताट धरून उभी राहणार, त्याला हळद लावणार, पाय दुखेपर्यंत नाचणार. एवढंच मला हवं होतं. पिवळी साडी घेतली, गोडाऊनमध्ये साहेबाची मनधरणी करून रजा काढली आणि घरोघरी सांगून आले, "या वेळी मी भाकऱ्यांना बसणार नाही." सगळ्या म्हणाल्या, "नाय नाय, तू कशाला! तू तर करवली."

हळदीच्या संध्याकाळी मी साडीच्या निऱ्या नीट करत होते, तेवढ्यात काकी आली. "बाय, बाया आल्यात, पन उकड बिघडली. फक्त दाखव त्यांना. पाच मिनटं." तुम्ही कधी कोणाची पाच मिनिटं पाच मिनिटांत संपलेली पाहिलीत? मी पदर खोचला आणि बसले. एक गोळा मळला, दुसरा मळला. बाया म्हणाल्या, "आता बसलीस तर थापून पन दे." दिल्या थापून.

पुढे धवळारणीने, म्हणजे आमच्यात लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बाईने, माईक हातात घेतला. त्याच माईकमधून भावाचा आवाज आला, "करवली कुठाय?" आणि पाठोपाठ काकीचा, "ती कामात हाय रं. माझी पोरगी उभी राहील."

माझं डोकंच सटकलं. मी कोणाचं काय घोडं मारलं होतं? कोपरापर्यंत पीठ लागलेलं, केस विस्कटलेले, तशीच मांडवात गेले. काकीच्या पोरीच्या हातातलं ताट घेतलं, धवळारणीच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले, "करवली मी आहे. आज भाकऱ्या होणार नाहीत."

माईक किंचाळला. गळ्यात सोन्याच्या साखळ्या घातलेले शेजारचे काका पुढे आले. हायवेला लागून असलेली त्यांची जमीन गोडाऊनला गेली होती. "अगं, पन पावण्यांना काय घालाचं?"

"काका, एवढी भाडी येतात तुम्हाला. नारपोलीच्या हॉटेलातून रोट्या मागवा!"

कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. चारचौघांत काकांची इज्जत पणाला लागली, त्यामुळे त्यांनी लगेच टेम्पो पाठवला. मी जिंकले म्हणून मान वर करून उभी राहिले.

धवळारीण म्हणाली, "नवऱ्याच्या आयशीला बोलवा. पयली हळद तिची."

आई मांडवात नव्हतीच. मागे जाऊन पाहते तर माझ्या जागेवर आई. नवी साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन भाकऱ्या थापतेय!

"आई, तुझ्या पोराची हळद आहे!"

"येते गो, एवढी टोपली झाली का. तू जा, नाच."

"ऊठ म्हणते ना!"

ती उठली नाही. हळूच म्हणाली, "आपली जमीन रस्त्याला न्हवती. लोकांच्या मांडवात आपुन दुसरं काय नेनार होतो? हात नेलं, तुजं नि माजं. म्हनून आज एवढी मान्सं आपल्या दारात आल्यात. आता बोलवतील का गो कोन आपल्याला?"

आईचा रागही आला आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. बाजूची कळशी उचलली आणि चुलीवर ओतली.

"अपशकून! अपशकून!" काकी बोंबलली.

मी आईला ओढत मांडवात नेलं. तिने पिठाच्या हातानेच भावाला हळद लावली. त्याचा एक गाल पिवळा, एक पांढरा झाला. नंतर आम्ही दोघी नाचलो. आईला नाचता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आणि पाहुणे? कोणी उपाशी राहिलं नाही, कोणी रुसलं नाही. उलट "रोट्या मस्त हां, कुठून आणल्या?" म्हणून चौकशा केल्या! इतकी वर्षं तळहात भाजले आणि एकाही मेल्याला भाकरीची आठवण आली नाही. मला इतका संताप आला की मी त्या रागात मटणाच्या दोन वाट्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या महिन्यात काकीच्याच पोरीचं लग्न निघालं. काकी दारात आली, जराशी घुटमळली. "उद्या हळद हाय. बाय, तू जरा..."

मी तोंड उघडायच्या आत आतून आईचा आवाज आला. "आमी जेवाला येऊ."

काकीने पदर सावरला. मग म्हणाली, "या की. लवकर या," आणि गेली.

आई धावत बाहेर आली. माझं मनगट घट्ट धरलं. "जास्त बोलले का गो मी?"